पांढरं लाकूड

मार्चच्या आठ तारखेला वळचणीखालचं बर्फ दोन हात खाली बसलं आणि गेनझोच्या घरामागे मिझुकीच्या ओंडक्यांची टोकं दिसू लागली. ओंडके बासष्ट होते, मांडीएवढे जाड आणि उभे केले तर छातीला लागतील इतके लांब. सगळे सालीसकट.

ते सालीसकट असायला नको होते. आमच्या शिरोसावाच्या खोऱ्यात मिझुकी नोव्हेंबरात तोडतात आणि वर्ष संपायच्या आत सोलून उभी करतात. या झाडाच्या अंगात पाणी फार. साल तशीच ठेवून वसंतातलं ऊन लागू दिलं, की पाणी आत कोंडतं, बुरशी धरते आणि लाकूड निळंकरडं पडतं. आमचे कातारी त्याच्या बाहुल्या करतात. हात नाहीत, पाय नाहीत, गोल डोकं आणि सरळ अंग. नाक-डोळे थेट उघड्या लाकडावर रंगवायचे, खाली दुसरा रंग नसतो. डागी लाकडावर काढलेला चेहरा मार खाल्ल्यासारखा दिसतो. गरम झऱ्यांवर आलेला पाहुणा तसली बाहुली हातात घेतो आणि परत ठेवतो.

झाडं गेनझोच्या मुलाने, शोसाकुने तोडली होती. तोडून झाल्यावर तो गावातल्या इतर पुरुषांबरोबर हिवाळ्यापुरता तोक्योला बांधकामावर गेला. सोलायचं काम बापाकडे होतं. चार डिसेंबरला छपरावरचं बर्फ ओढता ओढता एकाहत्तर वर्षांचा गेनझो बर्फाबरोबर खाली आला आणि त्याचं उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं. त्यानंतर बर्फ पडतच राहिलं आणि ओंडके त्याखाली गेले. घरात धडधाकट म्हणावी अशी एकटी सून उरली. मित्सुए तीस वर्षांची, समुद्रकाठच्या गावातली. तिने लाकूड आजवर फक्त जाळलं होतं.

आदल्या दिवशी शोसाकुचं पत्र आलं होतं. गेनझोला चष्म्यानेही बारीक अक्षर दिसत नसे, म्हणून मित्सुएने ते चुलीशी बसून मोठ्याने वाचलं.

"मुकादम कायमचं काम द्यायला तयार आहे. कंपनी दोन खोल्याही देते. मागच्या वर्षीचं लाकूड जूनपर्यंत पुरेल. यंदाचं सालीत राहून डागलं, तर मी वर्षभर रिकामा लेथ फिरवत बसणार का? भातलावणीला येतो. तेव्हा लाकूड पांढरं असेल तर घरी राहतो. नसेल तर तुम्ही दोघं इकडे या."

गेनझोने डाव्या हाताने मुळ्याच्या लोणच्याची फोड उचलली, ती निसटली, पुन्हा उचलली.

"दोन खोल्या," तो म्हणाला. "मग लेथ कुठल्या खोलीत ठेवायचा?"

"ते काही लिहिलं नाहीये, बाबा."

"आणि मी? खिडकीत बसून बसगाड्या मोजू?"

मित्सुएने पत्राची घडी घातली. तिला काय हवं ते पत्रात कोणी विचारलं नव्हतं. सात वर्षांपूर्वी ती समुद्र सोडून या डोंगरात आली. इथली लोणची, इथल्या पायवाटा, या म्हाताऱ्याचं न बोलता रागावणं, हे सगळं शिकण्यात तिची सात वर्षं गेली होती. आता दोन खोल्यांत जाऊन पुन्हा पहिल्यापासून शिकायची तिची तयारी नव्हती.

"साल मी सोलते," ती म्हणाली.

गेनझोने तिच्या हातांकडे पाहिलं. "तुला जमणार नाही."

"तुम्ही सांगाल तसं करीन."

"गोठलेली साल निघत नाही. खरवडावी लागते. खांदे जातात."

"जाऊ देत. खांदे आहेत दोन."

हिगानच्या आत, म्हणजे दिवस-रात्र सारखी होते त्या दिवसापूर्वी, सगळं सोलून व्हायला हवं होतं. त्यानंतर ऊन तापतं. हातात बारा दिवस होते.

नऊ तारखेला सकाळी तिने फावड्याने बर्फ फोडलं आणि पहिला ओंडका दोरीने ओढून अंगणात आणला. गेनझो उलट्या टाकलेल्या लोणच्याच्या पिंपावर बसला. उजवा हात गळ्यात बांधलेला, खांद्यावर जुनी गोधडी. ओंडका दोन लाकडी घोड्यांवर चढवून झाला. मित्सुएने दोन मुठींचं पातं धरलं आणि स्वतःकडे ओढलं. पातं सालीवरून घसरलं आणि तिचा अंगठा ओंडक्यावर आपटला.

"माशाचे खवले काढतेयस का?" गेनझो म्हणाला.

"खवले असते तर एव्हाना निघाले असते."

"पातं आडवं पाड. आणखी. पोटात घे ते. हाताने ओढू नको, कमरेने ओढ."

तिसऱ्या ओढीला सालीची एक पट्टी निघाली. तळहाताएवढी. खालचं लाकूड ओलं होतं, कापलेल्या मुळ्यासारखं पांढरं. मित्सुएने बोट लावलं आणि बोटाला पाणी आलं.

"पांढरं आहे, बाबा!"

"आत्ता आहे. पुढे ओढ."

शेवटाला आल्यावर त्याने तिला थांबवलं. दोन्ही टोकांना वीत-वीत साल ठेवायची होती. टोकं उघडी पडली तर ती आधी वाळतात, अंग ओलं राहतं, आणि ओंडका चिरतो.

"म्हणजे डोकं आणि शेपूट ठेवायची, मधलं सोलायचं," मित्सुए म्हणाली.

"अगदी तसंच, कोळणी."

पहिल्या दिवशी तिचे तीन ओंडके झाले. दुसऱ्या दिवशी चार. तिसऱ्या दिवशी सकाळी तिला हात खांद्यावर उचलता येईनात, तेव्हा तिने केस न विंचरता फडक्यात बांधले. त्याच दिवशी गेनझोला त्याच्या विजारीची नाडी बांधून देताना तिची बोटं वळत नव्हती. नाडी रोज तीच बांधे आणि बांधताना भिंतीकडे बघे. गेनझोही त्याच भिंतीकडे बघे. त्या दिवशी गाठ तीनदा सुटली.

"राहू दे," तो म्हणाला. "दोरी बांध, सरळ. ओंडक्याला बांधतेस तशी."

ती हसली. मग तोही घशातल्या घशात हसला. दोरी दिवसभर टिकली.

पाचव्या दिवशी शेजारचा कातारी कानेजिरो कुंपणापाशी येऊन उभा राहिला. त्याचं लाकूड जानेवारीतच सोलून उभं होतं. आमच्याकडे बायका बाहुल्या रंगवतात, पुसतात, बांधतात, पण पात्याला हात लावत नाहीत. कानेजिरो बराच वेळ बघत राहिला.

"काय गेनझो, सुनेला कातारी केलंस वाटतं?"

"तुझ्या थोरल्यापेक्षा बरी ओढते."

"मुलांना पाठवू का दोन दिवस? उगीच बाईमाणूस..."

"माझं लाकूड माझ्या घरात सोललं जातंय," गेनझो म्हणाला. "तुझी मुलं तुझ्या बर्फाला लागतील."

कानेजिरो गेल्यावर मित्सुए पातं खाली ठेवून म्हणाली, "दोन दिवस आले असते तर माझे खांदे वाचले असते, बाबा."

 त्या संध्याकाळपासून गेनझो डाव्या हाताने दगडावर पातं लावू लागला. पातं दोन गुडघ्यांत दाबून धरायचं आणि दगड फिरवायचा. दोनदा गुडघा कापला. पण सकाळी पातं असं चालायचं, की दिवसाला सात ओंडके होऊ लागले.

वीस मार्चला दुपारी बासष्टावा ओंडका सोलून झाला. दोघांनी मिळून अंगणात आडवा बांबू बांधला आणि त्याला दोन्ही बाजूंनी ओंडके टेकवून उभे केले, मधे मूठ-मूठ अंतर ठेवून. शेंडा खाली, बुंधा वर. झाडाचं पाणी खालून वर जायला शिकलेलं असतं, उलटं उभं केलं की त्याची वाट चुकते आणि ते बाहेर पडतं, असं गेनझो म्हणाला. खरं-खोटं कोण जाणे, पण आठवडाभर ओंडक्यांच्या पायाशी माती काळी ओली राहिली.

एप्रिलभर मित्सुए सकाळी उठून आधी लाकडाकडे जाई. बोटाच्या पेराने एकेकावर टकटक करी. आवाज आधी भातावर मारल्यासारखा येत होता, मग भोपळ्यावर मारल्यासारखा येऊ लागला. लाकूड पांढरं होतं. अठरा एप्रिलला तिने शोसाकुला पत्र टाकलं. "लाकूड पांढरं आहे. एकही डाग नाही. माझे हात मात्र ओळखू येणार नाहीत."

तेवीस तारखेला गेनझो बसने तालुक्याच्या गावी हाडवैद्याकडे गेला. संध्याकाळी परत यायचा होता. दुपारी पाऊस आला.

मित्सुए ओढ्यावर भाजी धूत होती. पहिला थेंब मानेवर पडला आणि तिचे पाय धावू लागले. तिच्या माहेरी किनाऱ्यावर हजारो माकुलं, ती सोंडांची मासळी, काठ्यांवर वाळत घातलेली असत. पहिला थेंब पडला की म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या, सगळ्या घरांतून धावत येत आणि चटया टाकत. पावसाचं पाणी लागलेलं माकुल कुजतं. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. ती चालायला लागली तेव्हापासून तिला ते येत होतं.

तिने माळ्यावरून गवताच्या अकरा चटया काढल्या, ओंडक्यांवर दोन्ही बाजूंनी टाकल्या आणि वारा उडवून नेईल म्हणून दोरीने करकचून आवळल्या. पायाशी फट राहिली तिथे पोती सारली. बासष्टपैकी एकाही ओंडक्यावर थेंब पडणार नाही अशी खात्री झाल्यावर ती घरात गेली. नखशिखान्त भिजली होती, पण तिला फार बरं वाटत होतं.

बस आली नाही. वितळलेल्या बर्फाने आणि पावसाने घाटात दरड आली होती. पाऊस तीन दिवस पडला, दमट आणि उबदार. मित्सुए रोज दोऱ्या घट्ट करून येई.

सव्वीस तारखेला ऊन पडलं. गेनझो दरडीपासून चालत आला. अंगणाच्या तोंडाशी तो थांबला. मित्सुए हसत दारात आली होती. त्याचा चेहरा बघून तिचं हसू गेलं.

त्याने डाव्या हाताने दोरी ओढली. सुटेना, तेव्हा दातांनी ओढली. चटई खाली पडली आणि आतून वाफ आली. आंबलेल्या भातासारखा वास होता. लाकडावर करड्या ठिपक्यांची साय धरली होती, आणि जिथे दोरी आवळली होती तिथे निळसर पट्टे उठले होते.

"पाऊस आला," मित्सुए म्हणाली.  "पाऊस आला म्हणून झाकलं."

गेनझो एकेक चटई काढत राहिला. अकरावी काढून झाल्यावर तो जमिनीवर बसला.

"पाऊस लाकडाला काही करत नाही," तो म्हणाला. "वरून वाहून जातो. वारा पुसून टाकतो. लाकूड मरतं ते कोंडून."

"हो."

"हे मी तुला सांगितलं नव्हतं."

"नाही."

"इथे हे कुणाला सांगावं लागत नाही."

"मला लागतं, बाबा," ती म्हणाली आणि तिथेच, चटयांच्या ढिगाशेजारी, रडायला लागली. मोठ्याने, आमच्याकडे कोणी रडत नाही तशी.

गेनझोला काय करावं ते कळेना. तो उठला, चटया एकावर एक रचू लागला, त्या पडल्या. शेवटी म्हणाला, "रडून झालं की ब्रश आण. दोन आण."

दोघांनी ओढ्याच्या थंड पाण्याने बासष्ट ओंडके घासले. साय गेली, खालचा करडा रंग राहिला. अंगणात वारा कमी पडेल म्हणून गेनझोने ओंडके वरच्या टेकाडावर न्यायचे ठरवले. मित्सुएने ते पाठीच्या चौकटीवर बांधून, एकावेळी एक, चढावरून वर नेले. तीन दिवस लागले. दुसऱ्या दिवशी कानेजिरो आला, त्याने एक ओंडका खांद्यावर घेतला आणि वर चालू लागला. गेनझोने पाहिलं आणि तोंड फिरवलं. कानेजिरोने सतरा ओंडके नेले. जाताना मित्सुएने त्याला माहेरून आलेली सुकी माकुलं दिली.

"शोसाकुला कळवू नको," गेनझो त्या संध्याकाळी म्हणाला. "आल्यावर डोळ्यांनी बघेल. डाग वरवरचा असेल. कापल्याशिवाय कळत नाही."

"मी पांढरं आहे म्हणून लिहिलंय."

"तेव्हा होतं."

दुसऱ्या दिवशी तिने पोस्टकार्ड टाकलं. गेनझोला सांगितलं नाही.

वीस मेला शोसाकु बसमधून उतरला. छत्तीस वर्षांचा, बापासारखाच रुंद, रंगाने काळवंडलेला. मित्सुए थांब्यावर उभी होती. त्याने पिशवी खाली ठेवली आणि तिचे दोन्ही हात उलटे करून बघितले.

"खरंच ओळखू येत नाहीत," तो म्हणाला.

"माझं कार्ड मिळालं का?"

"मिळालं. पाच ओळींचं कार्ड आणि त्यात 'बाबांचा दोष नाही' दोनदा." त्याने पिशवी उचलली. "महिनाअखेरपर्यंत मुकादमाला कायमच्या कामाचा कागद सही करून पाठवायचा आहे. कागद आणलाय."

 चढावर तो पुढे होता. अर्ध्या वाटेवर मागे न बघता म्हणाला, "तिकडे माकुलं मिळतात. पण गोड करतात. खाववत नाहीत."

घरी न जाता तो आधी टेकाडावर गेला. गेनझो तिथेच होता. बापलेकांनी एकमेकांकडे बघून मान हलवली. शोसाकुने ओंडक्यांच्या दोन्ही ओळी फिरून बघितल्या. नखाने खरवडलं, वास घेतला.

"पावसाचं मी सांगितलं नव्हतं तिला," गेनझो म्हणाला.

"करवत कुठेय?"

"सगळे कापायचे नाहीत. ताजं तोंड उघडं पडलं की तडा जातो. तीन काप."

शोसाकुने एक कडेचा घेतला, एक मधला, एक दोघांच्या मधला. मित्सुए ओंडके धरून बसली. कडेचा कापला तेव्हा तोंड पांढरं निघालं, फक्त काठाला नखाएवढी करडी रेघ. मित्सुएने श्वास सोडला. मधला कापला तेव्हा चाकाच्या आऱ्यांसारखे निळे पट्टे पार गाभ्यापर्यंत गेलेले होते. तिसऱ्यात डाग काठापासून पाचरीसारखे आत घुसले होते, बोटभर खोल, आणि तिथे थांबले होते.

 शोसाकुने तिसरा ओंडका खांद्यावर घेतला आणि तो कारखान्यात, म्हणजे घराच्या ओसरीला काढलेल्या लेथच्या खोलीत गेला. सहा महिन्यांची धूळ फुंकली. वीतभर तुकडा कापून लेथवर ठोकला, मोटर लावली.

आधी लाकडाची करडी कात सालपटांसारखी उडाली. ओली, जड, त्याच्या छातीवर चिकटणारी. मग करड्या-पांढऱ्या पट्ट्या. तो पटाशी दाबत गेला, तुकडा बारीक होत गेला. ज्या तुकड्यातून एरवी सहज पसाभर डोकं निघालं असतं, तिथे आता लिंबाएवढं उरलं होतं. मग एकाएकी कात पूर्ण पांढरी झाली. ती लांब वेटोळी होऊन गेनझोच्या पायांवर पडत राहिली. म्हाताऱ्याने त्यातली एक उचलून उजेडात धरली.

शोसाकुने मोटर बंद केली.

"तिसरा हिस्सा तर जळणाला गेला," तो म्हणाला.

"गेला," गेनझो म्हणाला.

"कडेचे चार ओंडके सोडले, तर उरलेल्यातून मोठी बाहुली निघणार नाही. एकही नाही."

"नाही."

"सगळ्या बोटाएवढ्या. वर्षभर."

"बोटाएवढीला रंग काढणं अवघड," गेनझो म्हणाला. "भुवईला एकच केस ब्रशला ठेवावा लागतो. मला जमायचं नाही आता. हिला जमेल. हिचा हात खवल्यांवर बसलाय."

मित्सुए दारात उभी होती. शोसाकुने तिच्याकडे पाहिलं नाही. त्याने पुन्हा मोटर लावली आणि मान कोरायला घेतली. एवढ्याशा अंगावर ती रुंद पटाशी नीट बसेना. एकदा घसरली, दुसऱ्यांदा मान तुटून डोकं भिंतीवर गेलं. तो वाकला, डोकं उचललं, तळहातावर फिरवून बघितलं. पांढरंशुभ्र होतं. मग त्याने पटाशी उजेडाकडे धरून तिच्या धारेवरून अंगठा फिरवला.

आमच्याकडे पटाशी कोणी विकत आणत नाही. ज्याची त्याने भट्टीवर घडवायची, आपल्या हाताच्या मापाची.

"या मानेला ही रुंद पडतेय," शोसाकु म्हणाला. "बारीक घडवावी लागेल. घरात कोळसा आहे का?"

"आहे," मित्सुए म्हणाली. "गोठ्याच्या माळ्यावर."

गेनझो हातातली कात बोटाला गुंडाळत होता. तो थांबला.

"किती आणू?" मित्सुएने विचारलं. एक पटाशी घडवायला टोपलीभर कोळसा पुरतो, हे सात वर्षांत तिला कळलेलं होतं.

शोसाकुने भिंतीवर टांगलेल्या सगळ्या पटाशांवरून नजर फिरवली. मोठ्या बाहुल्यांच्या मापाच्या चौदा होत्या.

"पोतं आण," तो म्हणाला.

ती निघाली. गेनझो मागून ओरडला, "आणि कोळसा पावसात भिजला तर चालत नाही! तो झाकून ठेवायचा असतो! हे आत्ताच सांगून ठेवतोय!"